काळेपांढरे खून आणि आजोबांचे डोळे

मुलांनो,

रविवारी फोनवर तुम्ही आजोबांना विचारलंत, अजून ते जुने हॉलिवूडचे खुनाचे सिनेमे बघता का, आणि आजोबा म्हणाले, "बघतो की. रोज." तुम्ही दोघंही खूश झालात. धाकटीने तर सांगितलं की तिच्या कॉलेजात या सिनेमांचा एक अख्खा विषय आहे, त्याला नॉयर म्हणतात, आणि आपले आजी-आजोबा छावणीतल्या घरात बसून नॉयर बघतात हे तिने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं आहे. मग तिने मला विचारलं, "आजी, तुला त्यांच्यात काय आवडतं?" मी भेंडी पुसत होते. लिहून कळवते म्हणाले.

तर कळवते. मला त्यांच्यात काहीही आवडत नाही, कधी आवडलंही नाही. पण कागद घेऊन बसण्याचं कारण ते नव्हे. आजोबा "बघतो" म्हणतात त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही आणि डिसेंबरात तुम्ही इथे येणार आहात. त्यांच्या तोंडासमोर फोन धरून तुम्ही "हे बघा" म्हणाल, आणि ते "वा, छान" म्हणतील. तो प्रसंग मला नको आहे. तुमच्या बाबांना सगळं माहीत आहे, पण मुलांना सांगायचं नाही असं आजोबांनी त्याला बजावलं आहे. मला बजावलेलं नाही. मला बजावण्याची त्यांची पद्धत नाही.

क्रमाने सांगते. थोरल्याला मराठी वाचायला वेळ लागतो; त्याला धाकटीने वाचून दाखवावं.

हा नाद आजोबांना कॉलेजात असताना लागला. छावणीत लष्करी लोकांसाठी एक हॉल होता, तिथे रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमे दाखवत आणि मागच्या बाकांवर शहरातल्या मुलांनाही बसू देत. सिनेमे तेव्हाच शिळे झालेले होते. आजोबा तालुक्याच्या शाळेतून आलेले, त्यांचं इंग्रजी गणिताच्या पुस्तकापुरतं. ते अजून सांगतात की एक शब्द कळत नव्हता म्हणूनच ते सिनेमे आवडले. बाई जिन्यावरून उतरते, खाली हॅट घातलेला माणूस उभा असतो, आणि दोघांतलं एक मरणार हे कोणी न बोलताच कळतं. इंजिनिअर झाले, जायकवाडीच्या कालव्यांवर नोकरी केली, तरी हा नाद सुटला नाही.

लग्नानंतर नव्या नवरीला लोक वेरूळला दर्शनाला नेतात. मला खून बघायला नेलं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, त्यामुळे बाकावर बसल्या बसल्या माझी परीक्षा सुरू झाली.

"काय म्हणाला तो?"

"म्हणतो, मी मूर्ख होतो."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता काय म्हणाला?"

"तेच. वेगळ्या शब्दांत."

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, कसा वाटला. मी म्हणाले, या लोकांच्या घरात एक थोरलं माणूस असतं तर हा सगळा प्रकार चहाच्या वेळेपर्यंत मिटला असता. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद करते आहे.

माझं मत अजून तेच आहे. तुमचे प्राध्यापक सावल्यांबद्दल बोलत असतील. बोलू देत. मला एवढंच दिसतं की ज्या देशात वीज कधी जात नव्हती तिथल्या माणसांना खोलीत शिरल्यावर दिवा लावायचं सुचत नाही. अंधारात उभी राहतात, खिडकीच्या पट्ट्यांमधला उजेड तोंडावर घेतात आणि तशीच पट्ट्यापट्ट्यांची तोंडं करून गंभीर बोलतात. आम्ही लोडशेडिंगमध्ये कंदिलाच्या काचा पुसून पेपर तपासलेले लोक. आम्हाला या अंधाराचं कौतुक कोणी सांगू नये.

बाहेर सतत पाऊस, आणि छत्री एकाकडेही नाही. कोणी जेवत नाही. भर सकाळी दारू ओततात, दोन घोट घेऊन ग्लास तिथेच ठेवून निघून जातात. तो ग्लास कोण विसळतं ते कधी दाखवलेलं नाही. बायको तरुण आणि कंटाळलेली, नवरा म्हातारा आणि श्रीमंत, आणि तिला कंटाळा आला एवढ्यावरून त्याला मारायचं. पहिल्या वर्षाच्या मुलींना तीच कविता वर्षानुवर्षं शिकवली आहे मी. कंटाळा म्हणजे काय ते मला विचारावं.

पुरुष तर आणखी ओंगळ. जगातला सगळ्यात चलाख माणूस म्हणून सुरुवात करतो. बाईने सिगारेट पेटवायला काडी मागितली की अक्कल गहाण. मग गोळी लागून पडल्यावर सगळ्या जगाला जड आवाजात सांगत बसतो, ती कशी वाईट होती आणि आपण कसे फसलो. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका अभिमान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि शेवटी ती बाई मरतेच. हा तर सगळ्यात मोठा खोटेपणा. सिनेमाभर तिच्याकडे डोळे फाडून बघायचं आणि शेवटी पापाचं फळ म्हणून तिला गोळी घालायची, म्हणजे प्रेक्षक स्वच्छ मनाने घरी जेवायला मोकळा.

आजोबा यावर वाद घालायचे. त्यांचा एक लाडका सिनेमा आहे. त्यात बाईने नवऱ्याचा खून केलेला असतो, प्रेत खाली पडलेलं असतं, आणि ती वर आपल्या खोलीत आरशासमोर बसते. आजोबांचं म्हणणं असं की ती तिथे बसून बोटातली लग्नाची अंगठी फिरवत राहते, आणि त्या अंगठीत तिचा सगळा पश्चात्ताप दिसतो. "तुला दिसत नाही," ते म्हणायचे, "कारण तू बघत नाहीस." ते खरं होतं. तो सीन आला की मी उठून कपड्यांच्या घड्या करायला जायची.

आता डोळ्यांचं.

मागच्या उन्हाळ्याआधी घरातली दारं बदलली. सुतार काम आटोपून निघाला होता, तेव्हा आजोबा त्याला म्हणाले, "ही चौकट वाकडी बसवलीय." सुतार म्हणाला, सरळ आहे. आजोबा चिडले. आयुष्यभर ठेकेदारांच्या भिंती तपासलेला माणूस. त्यांनी कपाटातून आपला जुना ओळंबा काढला, त्याची दोरी चौकटीला लावली, खालचं वजन स्थिर होऊ दिलं आणि बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. मग सुताराला म्हणाले, "ठीक आहे, जा तू." तो गेल्यावर मला म्हणाले, "दोरी वाकडी दिसतेय."

ओळंब्याची दोरी वाकडी असू शकत नाही. हे त्यांना दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात, घेतली. डॉक्टर सज्जन आहेत, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. या आजारात मधलं जातं आणि कडेचं राहतं. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी करडा डाग. उजवा डोळा आधी गेला. मग पेपर बंद झाला. मग क्रांती चौकापर्यंतची संध्याकाळची फेरी, कारण रिक्षा अंगावर आल्याशिवाय दिसत नव्हती. ओळखीचे लोक समोरून नमस्कार करायचे आणि हे तसेच पुढे जायचे. लोकांना वाटलं, साहेबांना गर्व चढला. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. टीव्हीवरचे रंगीत कार्यक्रम त्यांना चिखलासारखे दिसतात. गाणी नकोत, क्रिकेट नको. खुर्ची गॅलरीकडे वळवून बसायचे. ऊन कुठपर्यंत आलं एवढंच त्यांना समजायचं आणि तेवढंच ते बोलायचे.

मला भीती डोळ्यांची नव्हती. डोळे गेले तरी माणूस जगतो. हा माणूस एक एक गोष्ट खाली ठेवत चालला होता आणि ठेवलेली पुन्हा उचलत नव्हता, त्याची भीती होती.

एका दुपारी मी टीव्ही पुसत असताना रिमोटचं कसलं तरी बटण दाबलं गेलं आणि त्यांनी टीव्हीला जोडून ठेवलेल्या साठ्यातला एक खून सुरू झाला. मी बंद करणार एवढ्यात मागून आवाज आला, "ती आली ना जिन्यावरून?"

आली होती. पांढरा झगा, काळा जिना. तेवढं त्यांना डोळ्याच्या कडेने दिसलं होतं. तुमच्या त्या नॉयरचा जगात कोणाला काही उपयोग झाला असेल तर तो हा: त्यातला काळोख इतका काळा आणि उजेड इतका पांढरा, की अर्धा डोळा असलेल्या माणसालाही जिना कुठे आहे ते समजतं. मी खुर्ची टीव्हीकडे वळवली. शेजारी बसून चेहरे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ते मी कसं केलं असेल ते तुम्ही ओळखू शकता.

"आता काय करतेय?"

"ती निर्लज्ज बाई हसते आहे."

"निर्लज्ज नको सांगूस. कशी हसतेय ते सांग."

"निर्लज्जपणे."

"अगं, खून व्हायला अजून अवकाश आहे. तू आत्ताच तिला नापास करतेस."

"ती नापासच आहे. पहिल्या सीनपासून."

"मग मला बघायला काय राहिलं?"

ते चिडून बोलले नाहीत. टीव्ही बंद केला, खुर्ची पुन्हा गॅलरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मी म्हणाले, लावू का. ते म्हणाले, नको, ऊन चांगलं आहे.

मग आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मधे आल्या. तुम्ही त्यांना ओळखता, तुम्हाला पुरणपोळ्या भरवणाऱ्या. देवगाव रंगारी गावच्या, त्यांचे भाऊ अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात. मावशींना इंग्रजी येत नाही आणि या सिनेमांत काय चाललंय तेही पुरतं ठाऊक नाही. त्या लसूण सोलत दिवाणखान्यात येऊन बसल्या, स्वतःच टीव्ही लावला आणि म्हणाल्या, "बाबा, मी सांगते. आजी लई रागं भरतात त्या बाईवर."

मी आत पोळ्यांचं बघत होते. सगळं ऐकू येत होतं.

"बाई आली बघा. लई देखणी हाय. नखं लांब हायत, कामाची नाय. आता एक बाप्या आला. टोपी घालून आला. बुटासकट सोफ्यावर बसला."

"कोण आहे तो?" आजोबांनी विचारलं. तो नवऱ्याचा वकील असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"दीर असंल."

"दीर?"

"मग? मालक घरी नसताना दुसरं कोण यील असं बुटं घालून? दीरच हाय, धाकला. बघा कशी मस्करी करायलाय वहिनीची."

मग बराच वेळ लसणाचाच आवाज. पडद्यावर काय चाललं असेल ते मला आतून समजत होतं.

"काय झालं मावशी?"

"थांबा जरा." लसणाची टोपली सरकल्याचा आवाज. "बाबा, ह्यो दीर नाय."

"मग कोण?"

"तिचा पयला नवरा हाय ह्यो. व्हय, तसंच हाय. मेला म्हणून सांगितलं असंल लोकांनी, आन् ह्यो वापस आला. तवर हिच्या बापानं हिला ह्या म्हाताऱ्याला दिली. आता बिचारी काय करंल?"

आजोबा हसले. कित्येक महिन्यांनी मी ते हसणं ऐकलं, खोकला येईपर्यंतचं. मावशींना कळेना हसण्यासारखं काय झालं. त्यांनी एका बैठकीत व्यभिचार पुसून टाकला, त्या दोघांचं रीतसर लग्न लावून दिलं आणि नवऱ्यालाच घुसखोर ठरवलं. म्हाताऱ्याला ढकलून दिलं तेव्हा "बरं केलं" म्हणाल्या. शेवटी बाईला गोळी लागली तेव्हा मात्र भडकल्या. "हिला कशापायी मारलं? तिचाच नवरा व्हता की. ह्या पोलिसांना कोणी काय सांगितलंच नाय." टीव्हीकडे पाठ करून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "आजी, तुमच्या विंग्रजी लोकांना न्याव नाय."

त्यानंतर रोज दुपारी हा तमाशा चालला. मावशी प्रत्येक सिनेमात नात्यांची जुळणी करायच्या. रात्री क्लबात गाणारी बाई कोणाची तरी थोरली बहीण निघायची, हातात पिस्तूल असलेला गुंड तिचा मामा. आजोबा मुद्दाम प्रश्न विचारायचे. माझ्या मते मूर्खपणात आणखी मूर्खपणाची भर पडत होती. पण खुर्ची टीव्हीकडे होती, म्हणून मी गप्प राहिले.

मग मावशींच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या गावी गेल्या. पहिल्या दुपारी आजोबांनी खुर्ची गॅलरीकडे वळवली. मी हात पुसले, खुर्ची पुन्हा सरळ केली आणि म्हणाले, "मी सांगते. विशेषणं लावणार नाही. मला जे म्हणायचं ते संपल्यावर चहा पिताना म्हणेन."

"जमेल?"

"व्याकरण शिकवलंय मी. विशेषण काढून वाक्य करता येतं."

त्यांनी तोच सिनेमा लावायला सांगितला, अंगठीचा. मी मनाशी ठरवलं होतं, दिसेल तेवढंच बोलायचं. बोलले. बाई चालते. बाई दार लावते. नवरा पडतो. ती जिना चढते. मग तो आरशाचा सीन आला, आणि मी पहिल्यांदा उठून न जाता बसले.

"अंगठी फिरवतेय ना?" आजोबा म्हणाले. स्वर अगदी मऊ होता.

मी बघत होते. त्या बाईच्या बोटात अंगठी नव्हती.

तुम्ही असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. "हो" म्हणणं अगदी सोपं होतं. मावशींनी तर अंगठीच्या जोडीला मंगळसूत्रही दिलं असतं. पण मला दिसलेलं एक आणि सांगायचं दुसरं हे मी कधी केलेलं नाही, आणि आंधळ्या होत चाललेल्या माणसाशी ते सुरू करणं मला घाणेरडं वाटलं.

"अंगठी नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन्ही हात रिकामे आहेत. ती केसांतले आकडे काढते आहे. एक एक काढून डबीत ठेवते."

"रडत असेल."

"नाही."

त्यांनी रिमोटवर हात फिरवून सिनेमा थांबवला. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवरून ते माझ्याशी भांडले, ती त्या सिनेमात नव्हतीच. कॉलेजातल्या त्या पोराने मागच्या बाकावरून ती पाहिली, किंवा त्याला पाहायची होती. मी त्यांच्या हातातलं शेवटचं काढून घेतलं असं मला वाटलं. खुर्ची कधी वळते याची वाट बघत बसले.

"मागे घे," ते म्हणाले. "पुन्हा सांग. आकडे कशी ठेवते? टाकते?"

"टाकत नाही. सगळ्यांची टोकं एका बाजूला करून ठेवते."

"घाईत?"

"नाही."

"म्हणजे घाबरलीय. हाताला काहीतरी काम हवंय तिला."

"किंवा नीटनेटकी आहे."

"तुझ्यासारखी."

"मी कोणाला मारलेलं नाही."

"अजून," आजोबा म्हणाले, आणि सिनेमा पुढे सोडायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर खुर्ची त्यांनी स्वतः ओढली. म्हणाले, "सगळे पुन्हा बघायचे. माझं कुठे कुठे चुकलंय ते कळू दे." तेव्हापासून हे चालू आहे. त्यांना आठवतं ते आधी ते सांगतात, मग पडद्यावर काय आहे ते मी सांगते. बहुतेक वेळा जुळतं. जुळत नाही तेव्हा त्यांना जास्त आनंद होतो, याचं मला कोडं आहे. मावशी परत आल्यावर त्यांनी आपली पाळी मागितली; आता सिनेमा आधी मावशींचा असतो, दुसऱ्या दिवशी तोच माझा. चहाच्या वेळी मी माझं मत मांडते, आणि त्यात मी कोणाला सवलत देत नाही. परवाच्या सिनेमातल्या वकिलाला मी इतकं बोलले की आजोबा म्हणाले, त्याला पोलिसांनी पकडलं तेच बरं झालं, तुझ्या तावडीतून तरी सुटला.

तेव्हा धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर तिने वर्गात असं द्यावं: आजीला हे सिनेमे अजूनही भिकार वाटतात. कथा खोट्या, पुरुष बावळट, बायकांवर अन्याय, आणि दिवे बंद. चेहरे मात्र आजीने आता पाहिले आहेत, कारण ते दुसऱ्या कोणासाठी पाहावे लागले. त्या आरशासमोरच्या बाईबद्दल तिचं मत थोडंही बरं झालेलं नाही. फक्त ती घाबरली होती की नीटनेटकी होती, हे आजीला अजून ठरवता आलेलं नाही.

डिसेंबरात याल तेव्हा फोन खिशात ठेवा. आजोबांच्या डाव्या बाजूला बसा, आपलं नाव सांगा आणि जे दिसेल ते सांगा. सजवू नका, रडू नका. थोरल्याला मराठी शब्द अडला तर इंग्रजीत सांगितलं तरी चालेल; एवढं इंग्रजी आजोबांना या सिनेमांनी शिकवलं आहे.

उजव्या डोळ्याने आता काही दिसत नाही. डाव्या डोळ्याच्या खालच्या कडेला जिना, पांढरा झगा आणि खिडकीतला उजेड अजून दिसतो, आणि रोज दुपारी तेवढं आम्ही बघतो.

— आजी